नाना उजेडात धरतात

नानीच्या दंडातून काढलेल्या रक्ताची नळी लॅबवाल्या मुलीच्या हातातून घेऊन नानांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली आणि एक डोळा मिटून पाहिली. उलटी केली, पुन्हा पाहिली. रांगेतली माणसं मोबाइल सोडून आमच्याकडे बघू लागली. मी भिंतीवरचं मधुमेहाचं पोस्टर वाचायला घेतलं. मला मधुमेह नाही.

"मन्हा रगतमा धागा तुटेल दिसना का?" नानीने खुर्चीतूनच विचारलं.

नाना आणि त्यांची बायको नानी, आमचे भेस्तान वस्तीतले शेजारी. मूळचे धुळ्याकडचे. उभा जन्म नानांनी लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कापडाचे ताके तपासण्यात घालवला. कापड उजेडासमोर सरकवायचं, सुटलेला धागा, तेलाचा डाग, गाठ शोधायची आणि कडेला पेनाने आपली खूण करायची. नोकरी सुटली, डोळ्याची सवय सुटली नाही. दूध, आंबा, लग्नपत्रिका, रिक्षावाल्याचा चेहरा, सगळ्याला एकच नियम: "पहिले उजेडमा धर." आमच्याकडचा चहासुद्धा ते खिडकीपाशी जाऊन पितात. बायकोला वाटायचं त्यांना हवा आवडते. मी तिचा गैरसमज तसाच ठेवला.

माझं अगदी उलट. दारात येऊन कोणीही मला काहीही विकून जातो. घरात तीन पाणी गाळायची यंत्रं आहेत आणि आम्ही माठातलं पाणी पितो. त्यामुळे नानांनी दवाखान्याच्या फेऱ्यांना मला सोबत का निवडलं, हे कोडंच होतं. बायको म्हणाली, "तुमच्यावर संशय घेण्यासारखं काही नाही म्हणून." ते तिने ज्या सुरात म्हटलं तो मला आवडला नाही.

नानीला पूर्वी टीबी होऊन गेला होता. बरा झाला, पण फुप्फुसात एक पोकळी राहिली. काही वर्षांनी खोकला परत आला, वजन उतरलं, एकदा रुमालाला रक्त लागलं. आधीच्या डॉक्टरांनी टीबी उलटला म्हणून आठ महिने गोळ्या दिल्या. फरक पडेना. मग नव्या डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, त्या जुन्या पोकळीत बुरशीने घर केलेलं दिसतंय, रक्तातल्या अँटिबॉडी बघू.

"रगतमा बुरशी?" नानांनी डोळे बारीक केले.

"बुरशी नाही काका. तिच्याशी लढायला शरीराने जे तयार केलंय, ते. चोर दिसला नाही तरी वस्तीने किती काठ्या जमवल्या ते मोजायचं."

बाहेर आल्यावर नाना मला म्हणाले, "काठ्या मोजीसन चोर कोन धरस रे भो?"

काठ्या भरपूर निघाल्या. स्कॅन आणि रक्त दोन्ही जुळलं, तेव्हा बुरशीवरच्या गोळ्या सुरू झाल्या. दर तीन महिन्यांनी तीच तपासणी करायची होती. आकडा हळूहळू उतरला तर गोळ्या लागू पडताहेत, नाहीतर औषध बदलायचं, कदाचित ऑपरेशन.

आणि इथे नानांनी आपली अक्कल चालवली. खात्यातला त्यांचा नियम होता, एकाच माणसाने दोनदा ताका तपासला तर एकच चूक दोनदा सुटते. म्हणून दर वेळी टेबल बदलायचं. पहिली तपासणी भेस्तानला झाली होती, दुसरी त्यांनी उधन्याला केली, तिसरी थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही म्हणून. बरोबर मी होतोच. मला तो विचार फार शहाणपणाचा वाटला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

आकडा आधी एकदम उतरला, मग पहिल्याहूनही वर गेला. नाना खूश. "पाहय. तिन्ही लॅबवाला चोर शेतस."

डॉक्टरांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि कपाळाला हात लावला आणि गुजरातीवर आले. "काका, दर वखते गज बदलशो तो कापड केवी रीते मपाशे?"

प्रत्येक लॅबची मोजायची रीत वेगळी, एकीचा आकडा दुसरीशी लावता येत नाही. नानीला गोळ्या लागू पडताहेत की नाही, हे सहा महिन्यांनंतरही कुणाला सांगता येत नव्हतं. आता एकच लॅब धरायची, आज एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा.

दर वेळी गज बदलला तर कापड मोजणार कसं, हे उदाहरण नानांना बरोबर लागलं.

म्हणून आम्ही त्या ट्यूबलाइटखाली होतो. नळी परत देताना नानांनी खिशातलं पेन काढून चिठ्ठीच्या कोपऱ्यात आपली खूण केली, फुली आणि टिंब.

"काका, आ शुं करो छो?" मुलगी म्हणाली.

"मी पाह्यं, अशी खून शे."

नानी बाथरूमला गेली तेव्हा पोस्टरकडे बघत ते हळूच म्हणाले, "त्या डाक्टरनी सांगं, टीबी. मी मान हालाई. आठ महिना रोज मन्हा हातखाल गोळ्या दिन्यात तिले. तवय मी काहीच उजेडमा धरं नही."

मी पुन्हा मधुमेह वाचू लागलो.

तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये दुसरी नळी गेली, तीच फुली, तेच टिंब. या वेळी आकडा चांगला उतरला होता. डॉक्टरांनी नानीचं वजनही पाहिलं, ते वाढलं होतं. "गोळ्या लागू पडल्या. एवढ्यावर सोडायच्या मात्र नाहीत, चालू ठेवा."

पायऱ्या उतरताना नानांनी तो कागद माझ्या हातात दिला. इतक्या फेऱ्यांत माझ्याही हाताला वळण लागलं होतं. मी तो उन्हासमोर धरला.

नानांनी माझं मनगट खाली केलं, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"ऱ्हाऊ दे. हाऊ ताका पास."

नानी पुढे रिक्षा थांबवायला गेली होती. ऊन नेमकं तिच्या मागे होतं. नाना पायरीवर थांबले, एक डोळा मिटला, आणि तिने दोनदा हाक मारली तरी जागचे हलले नाहीत.