रखमाजीच्या दातांचं किटण

माणसाचं वय कपाळावर लिहिलेलं नसतं, ते दातांवर साचलेलं असतं. निजामाच्या अमदानीत जन्माचे दाखले कुणाकडे नव्हते. त्यामुळे कुंभार पिंपळगावात बैलाचं आणि माणसाचं वय एकाच पद्धतीनं ठरे. (बैल निदान खोटं सांगत नसे.)

बायको वारल्यावर रखमाजीनं बदनापूरच्या स्थळाला आपलं वय पस्तीस कळवलं. दातांवर किटण मात्र पन्नाशीचं होतं. त्यात मुलीचा मामा धर्मराज बैलांचा दलाल, आणि पाहायला तोच येणार होता. इकडे भावजय साळूबाईनं दिवाळीनंतर दिराच्या भाकरी थापणार नाही, असं जाहीर केलेलं.

गावानं प्रश्न सार्वजनिक मानला. शंभर तोंडांतून एकशेचार उपाय निघाले (काहींना एकावर राहवलं नाही). बाभळीची काडी चघळावी. तीळ चावून थुंकावेत. करडीच्या तेलात मीठ कालवावं. दुकानदार गयासोद्दीनभाई म्हणाले, "बदामाच्या टरफलाचा कोळसा लावा. बिलकुल मोती!" बदाम गावात कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून कोळसा चुलीतलाच घेतला.

शेवटी साळूबाई वैतागली. "भावजी, ढवळ्याला लावल्ती तीच राखुंडी लावा की! म्हातारा बैल जवान म्हून खपला न्हाई का जालन्याच्या बाजारात?"

गोवरीची राख, मीठ, लिंबू आणि घासायला काथ्या. उपाय सिद्ध होता. रखमाजीनं तो इमानानं केला. हिरड्यांतून रक्त आलं, तर गाव म्हणालं, "किटण निघून राह्यलंय." दात असे पांढरे झाले की पाहुणे ओट्यावर टेकायच्या आधीच तो हसू लागला.

धर्मराजमामांनी सवयीनं त्याची हनुवटी धरली. "आ करा, पाव्हणं."

त्यानं केला. मामांनी दातावर बोट घासलं, वास घेतला.

"राखुंडी. लिंबू. मेहनत बराबर केली." मामा उठले. "मागल्या साली जालन्याहून एक पांढरा बैल आणल्ता. त्याचे बी असेच लखलखत व्हते. आता कडबा भिजवून चारतो त्याला."

स्थळ मोडलं. दिवाळीनंतर रखमाजी भाकरी थापायला शिकला. उपाय मात्र गावानं शंभर टक्के गुणकारी ठरवला, कारण किटण गेलंच होतं.

हे वाचता वाचता तुमची जीभ दातांवरून एक फेरी मारून आली असेल. काय लागलं ते कुणाला सांगू नका. उपाय सांगायला आमच्याकडे अजून शंभर तोंडं आहेत, आणि आ करायला लावणारा मामा प्रत्येकाच्या नशिबी एकदा असतोच.