नानांचं बिनविक्रीचं दुकान

आमच्या कारखान्यात एखादा फिटर एक बोल्ट आणायला स्टोअरच्या खिडकीवर गेला, की बाळारामनाना आधी त्याला स्टुलावर बसवत. मग खिडकीच्या फळीवर धुतलेलं पांढरं फडकं अंथरत आणि त्यावर चार बोल्ट मांडत. चारही एकाच मापाचे, एकाच पेटीतले. त्यातला एक चिमटीत धरून उजेडाकडे फिरवत ते म्हणत, "ह्यो बघ. घ्यायलाच पायजे असा नाय, बघून तर जा."

"नाना, तिकडं मशीन बंद हाय," फिटर कळवळून सांगे.

"बंद हाय ना? मंग ती कुठं जात नाय. पानी पी."

शेवटी फिटर पाणी पिऊन चारातला एक बोल्ट पसंत करी. उरलेले तीन नाना अशा हळुवार हातानं पेटीत परत ठेवत, की नापसंत झाल्याचं त्यांना वाईट वाटू नये.

हा कारखाना मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत होता. पंपाचे सुटे भाग बनायचे. मी पर्सोनेल खात्यात क्लार्क होते आणि शहापूरहून कंपनीच्या बसनं ये-जा करायचे. नाना किन्हवलीला त्याच बसमध्ये चढायचे. त्यांचं तरुणपण कल्याणच्या एका साडीच्या दुकानात विक्रेता म्हणून गेलं होतं. पुढे ते दुकान बंद पडलं आणि ओळखीनं नाना आमच्या स्टोअरला लागले. माणूस दुकानातून निघाला, पण दुकान काही माणसातून निघालं नाही.

मी नवीन असताना एक बॉलपेन आणायला गेले होते. वाटलं होतं, हात पुढे करायचा, पेन घ्यायचं आणि यायचं. नानांनी निळी, काळी, लाल अशी सगळी पेनं फडक्यावर ओळीनं लावली.

"कुठली दाखवू, बाय?"

"नाना, कुठलंही द्या."

हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. पसंती नसलेलं गिऱ्हाईक त्यांना सहन होत नसे. "कुठलाही कसा? दिवसभर तुझ्या हातात राहनार. लिहून बघ." मग मी प्रत्येक पेनानं माझं नाव लिहिलं. नानांनी मान तिरपी करून सगळ्या सह्या पाहिल्या आणि निळीवर बोट ठेवलं. "ही तुला शोभते." पेन कुणाला शोभतं हे मला तोवर माहीत नव्हतं. पण खरं सांगते, त्या दिवशी मी जरा ऐटीतच टेबलाशी परत आले.

हातमोजे द्यायचे तर नाना तीन जोड काढत, घालून बघायला लावत, मुठी मिटायला लावत. गमबूट असले तर समोरच्याला चार पावलं चालून दाखवावं लागे. वेल्डरला काळा चष्मा देताना ते दोन पावलं मागे सरून बघत आणि म्हणत, "चेहरा भरल्यासारखा वाटतो." दिवसभर ठिणग्यांसमोर बसणाऱ्या त्या माणसाला त्याच्या चेहऱ्याबद्दल एवढं चांगलं दुसरं कोण बोलणार होतं?

मशीन पुसायच्या चिंध्यांचे गठ्ठे येत. त्यांत जुन्या साड्यांचे तुकडेही असत. मग नानांचा अर्धा दिवस त्यातच जाई. एखादा काठ हातात धरून ते उदास होत. "ही बाई नीट नेसली नाय. धुवायला आपटली असनार." असला तुकडा ग्रीस पुसायला द्यायचा त्यांच्या जिवावर येई. त्या दिवशी ज्याच्या वाट्याला चांगल्या काठाची चिंधी जाई, त्याला नाना दोन वेळा बजावत, "जपून वापर हां."

विक्रीनंतरची चौकशी बसमध्ये चाले. मुरबाड येईपर्यंत नाना सीटांमधून फिरत आणि प्रत्येकापाशी थांबत. "परवा नेलेलं मोजे कसं निघालं? शिवण उसवली तर बदलून देऊ." एकदा त्यांनी नव्या मॅनेजरांना गाडीतच विचारलं, "सायेब, तो स्टेपलर बरा चालतो ना?" मॅनेजर नागपूरकडचे, शिस्तीचे पण मनानं बरे. त्यांनी नानांना केबिनमध्ये बोलावून समजावलं, की हे कामगार आहेत, कर्मचारी आहेत, यांना गिऱ्हाईक म्हणू नका. नाना शांतपणे म्हणाले, "मंग मी कोनासाठी उभा हाय?" तो विषय तिथंच राहिला.

दोन हजार सालानंतर आमच्या कारखान्याला गुणवत्तेचं सर्टिफिकेट घ्यायची हुक्की आली. त्यासाठी मुंबईहून टाय लावलेले एक प्रशिक्षक आले. जेवणाच्या हॉलमध्ये फळा लावला. अर्धे लोक सकाळी, अर्धे दुपारी, अशा दोन तुकड्या केल्या. नाना सकाळच्या तुकडीत होते. प्रशिक्षक सांगू लागले, की ग्राहक फक्त बाहेर नसतो. आपल्याच कंपनीतला शेजारच्या खात्यातला माणूसही आपला ग्राहक असतो, त्याच्याशी आपण तसंच वागलं पाहिजे. हॉलमधल्या सगळ्या माना एकदम नानांकडे वळल्या. नाना अवघडून बसले होते, पण डोळ्यांत असा आनंद, जणू परमुलखात कुणी गाववाला भेटला. विश्रांतीत ते प्रशिक्षकांजवळ गेले आणि आदरानं म्हणाले, "सायेब, तुमी पयले कुठल्या दुकानात व्हता?"

घोटाळा झाला तो दुपारच्या तुकडीत. नाना तेव्हा परत खिडकीवर गेले होते आणि मी चहाच्या मागे स्वयंपाकघरात होते; पुढचं मला नंतर कळलं. प्रशिक्षकांनी एकेका खात्याचं नाव घेऊन विचारायला सुरुवात केली, की तिथं गेल्यावर काम व्हायला किती वेळ लागतो? स्टोअरची पाळी आली.

बारकू फिटर उठला. "अर्धा तास कुठं गेला नाय."

रंगखात्यातला गजानन त्याच्यावर कडी करत म्हणाला, "अर्धाच? मला पाऊन तास हलू दिला नाय."

पॅकिंगच्या एकानं तर सांगितलं, की तो सकाळी मोजे आणायला गेला आणि जेवणाच्या सुट्टीलाच सुटला. हॉल हसला. आणखी दोघांनी वेळ वाढवून सांगितली. मॅनेजरसाहेब मागे बसून ऐकत होते आणि प्रशिक्षक फळ्यावर आकडे लिहीत होते. संध्याकाळपर्यंत आमचं स्टोअर साऱ्या कारखान्यात सर्वांत वाईट सेवा देणारं खातं ठरलं.

पुढच्याच आठवड्यात खिडकी बंद करायचा हुकूम निघाला. ज्याला जे हवं ते त्यानं आदल्या दिवशी आपल्या सुपरवायझरला सांगायचं आणि सकाळी कंत्राटी माणूस ढकलगाडीवरून सगळं खात्यात पोहोचवणार. ग्राहकाला चालत यायला नको आणि खोळंबायलाही नको. नानांनी आत बसून फक्त माल काढून द्यायचा. साहेबांनी त्यांना बोलावलं तेव्हा मी तिथंच होते. साहेब शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "नाना, मी माझ्या मनानं काही केलेलं नाही. तुमच्या गिऱ्हाइकांनीच सांगितलं, की तुमच्याकडे फार वेळ जातो."

साहेबांनी कामगारांना पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हटलं होतं. ज्या माणसानं खिळ्याचीसुद्धा बाजू मांडली असती, त्यानं स्वतःची बाजू मांडली नाही. "गिऱ्हाईकच बोलला म्हनल्यावर काय," एवढंच पुटपुटून ते गेले. खिडकीची झडप त्यांनीच आतून लावली. दुसऱ्या दिवशी ते बसला दिसले नाहीत. रजेचा निरोप आला. नाना आणि रजा हे दोन शब्द आम्ही कधी एकत्र ऐकले नव्हते.

तीन-चार दिवसांनी बारकू माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात ढकलगाडीवरून आलेले मोजे होते, दोन्ही डाव्या हाताचे. "ताई, खिडकी का बंद केली?"

"का म्हणजे? तुम्हीच सांगितलंत ना, फार वेळ जातो म्हणून."

बारकू माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, ती तारीफ व्हती."

मी इथलीच. मला पुढे काही सांगावं लागलं नाही. आमच्या भागात कुणाच्या घरून आल्यावर "लगेच सोडलं" म्हटलं, तर ती त्या घराची बदनामी असते. चांगल्या घरी माणूस अडकतो. चहा झाल्याशिवाय उठू दिलं नाही, निघतो म्हटलं तर पिशवीच लपवून ठेवली, असं परत आल्यावर चढवून सांगायचं असतं, म्हणजे त्या घराचा मान राहतो. बारकू काय, गजानन काय, सगळ्यांनी मुंबईच्या पाहुण्यासमोर नानांचा मान ठेवला होता. पाच मिनिटांचे पाऊण तास त्यांनी प्रेमापोटी केले होते.

साहेबांना हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास मात्र खरा होता. आधी ते चिडले. मग त्यांनी बारकूला बोलावून स्वतः विचारलं. बारकू मान खाली घालून म्हणाला, "सायेब, आख्ख्या पाळीत आमाला बस म्हननारा एकच मानूस हाय. त्याचा वाईट कोन बोलंल?" साहेब मला म्हणाले, "खिडकी उघडा. फक्त मशीन बंद असेल तेव्हा फडकं अंथरू नका, म्हणावं."

त्या दिवशी परतताना मी बसमधून किन्हवलीला उतरले. नानांच्या घरी फोन नव्हता, आणि असता तरी ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. ऊन अजून उतरायचं होतं. घर विचारत गेले तर नाना ओट्यावर तांदूळ निवडत बसलेले. मला पाहून ते गडबडून उठले. माझी कल्पना होती, की इथं तर आता सतरंजी, पाणी, चहा, पोहे, सगळं फडक्यावर मांडलं जाणार. कारखान्याच्या खिडकीवर जो माणूस एवढं करतो, तो घरी काय करत असेल?

नाना घरात इकडेतिकडे बघत राहिले. पाहुण्याला कुठं बसवायचं, हेच त्यांना आठवेना. शेवटी पाट झटकून दिला. चहा केला तो एकच कप. घरात कप तेवढा एकच होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि "माझा झाला मगाशीच" असं सांगून स्वतः चुलीच्या बाजूला उभे राहिले.

"काकू कुठं आहेत?"

"बदलापूरला. मुलाकडं. नातू सांभाळायला कोन तरी पायजे ना." मग जरा थांबून म्हणाले, "लय वर्सा झाली आता. तिकडं जागा लहान. मी गेलो तर तेंची अडचन व्हती."

मी त्यांना सगळं सांगितलं. फळ्यावरचे आकडे, बारकू-गजाननची चढाओढ, दोन डाव्या हातांचे मोजे, साहेबांचा हुकूम. नाना ऐकत होते. खिडकी उघडणार म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली, जणू तो मुद्दाच नव्हता.

"तारीफ व्हती म्हनला? बारकू?"

"हो. सगळ्यांनीच तारीफ केली होती, नाना."

त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि चुलीवरचं रिकामं भांडं उगाच हलवून ठेवलं. "मला वाटला, कंटाळली माझ्याला," ते भिंतीकडे बघून म्हणाले. "घरी कोन येतंय, बाय? मानसा येतात ती तितंच येतात. तीच कंटाळली म्हनल्यावर उठून जायाचा तरी कुठं?"

या माणसाला आम्ही इतकी वर्षं हसलो, आणि त्याच्या हसू येण्यासारख्या त्या सगळ्या लांबणीमागे एवढंच होतं, की समोरचा माणूस आणखी थोडा वेळ बसावा. चहा मी मुद्दाम सावकाश प्यायले.

तेवढ्यात नाक्याकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. नानांनी लगबगीनं माझी पर्स उचलून पुढे केली. "शापूरची गाडी आली. निघ तू. घरी वाट बघत असतील." खिडकीवर कुणाला सुखासुखी न सोडणारा माणूस. स्वतःच्या घरात मात्र कुणाला थांब म्हणायचा हक्क त्याला वाटत नव्हता.

"जाऊ दे ती," मी म्हटलं. "मागून दुसरी असेल."

दुसरी गाडी तासाभरानं होती. ते दोघांनाही ठाऊक होतं. नाना पर्स धरून तसेच उभे राहिले. एसटी थांबली, वाहकानं घंटी दिली, गाडी पुढे निघून गेली. तिचा आवाज पुरता विरला तेव्हा त्यांनी पर्स माझ्याशेजारी ठेवली, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घातली आणि नातवाचं नाव कसं ठेवलं इथपासून सांगायला लागले.