गालावरची चार बोटं

बायको निवडणुकीला उभी राहिली की नवऱ्याने कसं दिसावं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. आमच्या बरांगायची कापितान, म्हणजे साऱ्या वस्तीची प्रमुख, व्हायला पुरिटा उभी राहिली आणि प्रचारफेरीच्या सकाळी मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "तेर्यो, उघड्या जीपवर माझ्या शेजारी उभा राहणारेस. जरा माणसासारखा दिस!"

आता चेहरा उजळायचा म्हणजे दुसरं काय असणार? कालामान्सी! हे आमचं बोराएवढं लिंबू. आम्ही ते माशावर पिळतो, शेवयांवर पिळतो, खोकल्यावर पितो आणि काखा उजळायला बिनदिक्कत चोळतो. मी चार फळं उजव्या तळहातावर पिळली आणि बोटं डाव्या गालावर नाकापासून कानापर्यंत ओढली. तेवढ्यात जीपचा भोंगा वाजला. उजवा गाल राहिला. (तोंड धुवावं असं मनात आलंही नाही. मुरलेला रस जास्त गुणकारी, हे माझं खास संशोधन.)

भर दुपारपर्यंत मी उन्हात हात हलवत उभा होतो. संध्याकाळी गाल चुरचुरला, दुसऱ्या दिवशी लाल झाला आणि तिसऱ्या दिवशी आरशात पाहतो तो काय! डाव्या गालावर चार तपकिरी बोटं, अगदी शेजारी शेजारी.

"अगं बाई! हे मी केलंय असं वाटतंय!" पुरिटा किंचाळली.

तिचं खरं होतं. न्हाव्याकडे गेलो तर तो कानात कुजबुजला, "कुया, अहो दादा, फार लागलं का हो?"

"अरे, कालामान्सी आहे ती!"

"हो हो. माझीसुद्धा कालामान्सीच फेकून मारते. कधी तवा."

विरोधी उमेदवार दोमेंगला आयतं कोलीत मिळालं. त्याची माणसं दारोदार सांगत सुटली, "नवऱ्याला असं बडवते, ती तुम्हाला काय सोडणार?" पुरिटा जेवेना. या निवडणुकीसाठी ती वर्षभर चिखल तुडवत घरोघरी हिंडली होती आणि माझ्या एका गालाने सगळ्यावर पाणी फिरवलं होतं. मला मनापासून वाईट वाटलं.

"जा, प्रत्येकाला खरं काय ते सांग!" तिने फर्मान सोडलं.

मी आधी आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "लिंबू चोळून उन्हात उभं राहतात का? कातडी भाजलीय तुमची. डाग जायला काही महिने लागतील. आणि आता पुन्हा काही लावू नका, मेहेरबानी करा!"

मग मी दारोदार फिरलो. जितका खुलासा करावा तितका लोकांचा विश्वास पक्का होई. "बिचारा! अजून तिलाच सांभाळून घेतोय," म्हणून एका म्हातारीने मला भात वाढला. (जेवलो. सकाळपासून उपाशी होतो.)

मतमोजणी झाली आणि पुरिटा प्रचंड मतांनी निवडून आली! मासळीबाजारातल्या बायका उघड बोलत होत्या, "घरातलं ध्यान जिने सरळ केलं, तिला गटारं काय जड आहेत?"

शपथविधी बास्केटबॉलच्या मैदानावर झाला. सारी वस्ती लोटली होती. पुरिटाचं भाषण संपलं तेव्हा मला वाटलं, आता तरी आपली अब्रू सोडवून घ्यावी. जिंकलीच आहे, कुणाचं काय बिघडणार? मी उठलो, घसा खाकरला आणि माईक हातात घेतला. "मित्रहो, माझ्या गालाबद्दल एक खरी गोष्ट—"

पुरिटा लोकांकडे पाहून गोड हसत होती. तसंच हसत, ओठ न हलवता ती म्हणाली, "कालामान्सीचा क जरी काढलास ना, तर उजव्या गालावर खरीखुरी उमटवीन."

मी माईक ठेवला आणि मुकाट्याने खाली बसलो.

त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या मला पडल्या.