चारशे लाथांचा प्रश्न

माणूस दोन पायांवर उभा राहतो, हे सर्वमान्य आहे. परंतु दोन्ही पाय उचलल्यावर तो नेमका कशाच्या आधारावर टिकून असतो, या प्रश्नाकडे आजवरच्या विचारवंतांनी पाठ फिरवलेली दिसते. (पाठ फिरवायलाही एक पाय जमिनीवर लागतो, ही त्यांची अडचण समजून घेतली पाहिजे.) अखेर हा प्रश्न वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी एका ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षकाच्या अंगावर येऊन पडला. किंवा खरं सांगायचं तर तोच त्या प्रश्नावर पडला, आणि तेही उताणा.

या शिक्षकाला सगळं गाव मास्तर म्हणे. मास्तरांनी बावीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर काढली होती. शिकवण्याच्या गाडीत त्या सीटखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. तिथे बसणाऱ्या पायांचं कर्तव्य सोपं आणि उदात्त आहे : शेजारचा चुकेपर्यंत काही करायचं नाही, चुकला की दोन्ही पाय एकदम दाबायचे आणि गाडी जागच्या जागी थांबेपर्यंत सोडायचे नाहीत. मास्तरांच्या स्वतःच्या अंदाजानुसार त्यांनी हे कर्तव्य एकसष्ट हजार वेळा पार पाडलं होतं. (यात एकच बाई नऊ हजार वेळा येतात. त्यांना आता परवाना मिळाला आहे.) इतके अनुभवी पाय गावात दुसरे नव्हते, आणि ड्रमच्या कामाला इतके कुचकामी पायही दुसरे नव्हते.

कारण मास्तर ड्रम वाजवत. दातांच्या डॉक्टरांनी काढलेल्या ‘अक्कलदाढ’ नावाच्या हेवी मेटल बँडमध्ये ते होते. गिटार स्वतः डॉक्टर वाजवत. गायला रेल्वेच्या चौकशी खिडकीवरच्या बाई होत्या. वर्षानुवर्षं ‘माहीत नाही’ एवढंच ओरडून त्यांचा आवाज या प्रकारच्या संगीताला लागतो तसा आपोआप घोगरा झाला होता. खर्जाची गिटार एक किल्लीवाला वाजवी, आणि तो कधीच काही बोलत नसे. तालीम दवाखाना बंद झाल्यावर त्याच्याच बाहेरच्या खोलीत होई. भिंतीवर उभ्या चिरलेल्या दाढेचं भलं मोठं चित्र होतं. त्याखाली पेशंटच्या खुर्च्या एकावर एक रचून ड्रमला जागा केली जाई.

व्यापारी संघाच्या वार्षिक मेळाव्यात बँडला एक गाणं मिळालं होतं. गाणं सात मिनिटांचं. त्यात चौथ्या मिनिटाला असा एक तुकडा होता, की बाकी सगळ्यांनी मान हलवायची आणि ड्रमवाल्याने चाळीस सेकंद दोन्ही पायांनी मोठा ड्रम बडवत राहायचा. सेकंदाला दहा लाथा, एकूण चारशे. डाव्याच्या दोनशे, उजव्याच्या दोनशे.

पहिल्या तालमीत मास्तरांनी दोन्ही पाय उचलले आणि त्याच क्षणी ते मागे गेले. पडताना त्यांचा डावा हात गाडीच्या खिडकीवर असते ती मूठ पकडायला वर गेला. दवाखान्याच्या भिंतीला अशी मूठ नसते. मास्तर रचलेल्या खुर्च्यांवर कोसळले आणि तिथे थोडा वेळ राहिले.

“मास्तर, वाईट वाटून घेऊ नका,” डॉक्टर म्हणाले, “पण मेळाव्यापर्यंत जमलं नाही, तर आपण डबा आणू.”

डबा म्हणजे ताल वाजवणारं यंत्र. डब्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. डबा पडत नाही. डब्याला चहा लागत नाही. डबा तालमीला उशिरा येऊन ‘आज रिव्हर्स शिकवत होतो’ असं सांगत नाही. डॉक्टरांचा मुद्दा बिनतोड होता, आणि म्हणूनच तो मास्तरांच्या जिव्हारी लागला. बावीस वर्षं दुसऱ्याच्या स्टिअरिंगकडे बघत बसलेल्या माणसाला जगात ही एकच जागा मिळाली होती, जिथे तो स्वतः चालवत होता. ती डब्याला द्यायची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून त्यांनी ‘चरण-समतोल संवर्धन केंद्रा’त नाव घातलं. (मूळ ठरावात ‘चरण’ऐवजी ‘पाद’ असा शब्द होता. पाटी रंगवणाऱ्याला हसू आवरेना, म्हणून बदलला.) केंद्र एका सोफ्याच्या दुकानाच्या माडीवर होतं. संचालक अत्यंत विद्वान गृहस्थ होते. ते स्वतः ड्रम वाजवत नसत, कारण एकदा वाजवायला लागलं की माणूस तंत्राबद्दल निःपक्षपाती राहत नाही.

केंद्राच्या अभ्यासक्रमात चौदा पायऱ्या होत्या. पहिल्या नऊ बसण्याच्या होत्या. स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसणे. बैठकीची दोन्ही हाडे ओळखणे व त्यांवर समान भार टाकणे. कंबर गुडघ्यांपेक्षा दोन बोटे उंच ठेवणे. पाठ ताठ, पण ताठा नको. सहाव्या पायरीला एक पाय उचलायचा. सातव्या पायरीला तो खाली ठेवून दुसरा उचलायचा, म्हणजे पहिल्यावर अन्याय होत नाही. नवव्या पायरीला दोन्ही पाय साठ सेकंद अधांतरी ठेवल्यास नमुना क्रमांक तीन, अर्थात ‘उचलल्याचा दाखला’, मिळत असे. मास्तरांच्या तुकडीत सदतीस जण होते. पैकी एकतीस टिकले, सहा पडले. पडलेल्यांपैकी चार मागे, एक डावीकडे; सहाव्याची दिशा अद्याप निश्चित झालेली नाही. ड्रम हे वाद्य चौदाव्या पायरीला लांबून दाखवण्यात येई.

“वाजवायचं कधी?” मास्तरांनी एकदा धीर करून विचारलं.

“ही घाईच तुमच्या पोटऱ्यांत साठली आहे,” संचालक म्हणाले आणि त्यांना पुन्हा चौथ्या पायरीवर पाठवलं.

घरी मास्तरांची बायको जमीन मोजणी खात्यात मोजणीदार होती. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून वीतभर जागेसाठी भांडणारी माणसं तिने रोज पाहिलेली, त्यामुळे एका स्टुलासाठी झुरणारा नवरा तिला विशेष वेगळा वाटला नाही. तिने टेप आणली, स्टुलाची उंची घेतली, नवऱ्याच्या गुडघ्याची घेतली, मग पाणसळ घेऊन सगळ्या घराची फरशी तपासली.

“अहो, तुम्ही रोज सरावाला खिडकीकडे तोंड करून बसता ना? तिथे जमीन बोटभर मागे उतरतेय. इकडे वळून बसा, आणि स्टूल दोन आटे वर घ्या.”

मास्तर वळून बसले. पाय उचलले. पडले नाहीत. केंद्राची नऊ पायऱ्यांची विद्या अशा रीतीने बायकोने चहा गाळता गाळता देऊन टाकली, याची नोंद मास्तरांनी केंद्रात केली नाही. संचालकांना वाईट वाटलं असतं.

बसणं जमलं, आता पाय राहिले. इथे खरी अडचण होती. बडवण्याच्या पेडलला एक मोगरी असते. पाय दाबला की ती ड्रमवर आपटते, आणि लगेच पाय सैल सोडला तर आपसूक मागे येते. सगळी मेख त्या सोडण्यात आहे. टाच उचललेली ठेवायची, घोट्यातून हलका झटका द्यायचा आणि सोडायचं. मास्तरांच्या धंद्यात दाबून लगेच सोडणाऱ्याला निष्काळजी म्हणतात. त्यांचा पाय एकदा गेला की तिथेच राही. मोगरी ड्रमला चिकटून बसे, आणि गाणं चढावर बंद पडलेल्या गाडीसारखं मागे सरके.

“सोडा की हो!” बायको म्हणे.

“सोडला आणि समोरून ट्रक आला तर?”

“आपल्या घरात?”

सरावाला वेळ पुरेना, तेव्हा मास्तरांनी कामाच्या वेळात सराव सुरू केला. गाडीत दोन पेडलं होतीच. शिकाऊ माणूस सरळ रस्त्याला लागला की मास्तर टाचा उचलून, डावा क्लच, उजवा ब्रेक, डावा क्लच, उजवा ब्रेक, असा अगदी हलका आणि अगदी संथ अभ्यास करीत. मग आठवड्याला थोडा वेग वाढवीत. तंत्राच्या दृष्टीने हे निर्दोष होतं. गाडी मात्र टुणटुण उड्या मारत जाई. शिकाऊ लोकांना वाटे, गाडी अशीच चालते. परवाना तपासणाऱ्या साहेबांना आधी शंका आली. परंतु उड्यांमधलं अंतर इतकं नेमकं होतं, की त्यांनी ‘सातत्य’ या रकान्यात सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. त्या चार महिन्यांत गावात एक्केचाळीस नवे चालक तयार झाले. ते आजही मुख्य रस्त्याने अत्यंत तालात जातात. (या काळात मानेच्या पट्ट्यांची विक्री तिप्पट झाली, याचा संबंध लावणं घाईचं ठरेल.)

आणि एके दिवशी, भाजी निवडणाऱ्या बायकोसमोर, मास्तरांच्या दोनशे डाव्या आणि दोनशे उजव्या लाथा ओळीने पडल्या. मोगऱ्या परत येत होत्या. पाय अधांतरी होते आणि मास्तर शांत होते. चारशे झाल्यावर ते थांबले आणि त्यांना चक्क रडू आलं.

“पाणी देऊ का?” बायको म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. तिने ते कांद्यावर ढकललं, पण निवडत होती ती मेथी.

मेळाव्याला सभागृह भरलेलं होतं. अध्यक्षांचं भाषण झालं, उपाध्यक्षांचं झालं, अध्यक्षांना राहिलेलं आठवलं तेही झालं. मग अक्कलदाढ सुरू झाली. तीन मिनिटं बाई ओरडल्या. चौथ्या मिनिटाला तो तुकडा आला. मास्तरांनी टाचा उचलल्या.

काय वाजवलं त्या माणसाने! दहा-दहाच्या लाथा, एकीची दुसरीला ओळख पटू नये इतक्या सारख्या. पहिल्या रांगेतल्या किराणा व्यापाऱ्याच्या खिशातल्या चाव्या वाजू लागल्या. मास्तरांचा चेहरा असा निवांत होता, जणू आयुष्यात प्रथमच शेजारी कोणी बसलेलं नाही.

पण शेजारी डॉक्टर होते. डॉक्टरांनी वीस-वीस लाथांची वीस आवर्तनं पूर्ण झाल्यावर गिटार सुरू करायची होती. टाळ्यांच्या भरात ते अर्धं आवर्तन आधीच घुसले.

शेजारचा चुकला, हे मास्तरांच्या पायांना मास्तरांच्या आधी कळलं. दोन्ही पाय एकदम खाली गेले आणि तिथेच राहिले. दोन्ही मोगऱ्या ड्रमला चिकटल्या. गाणं जागच्या जागी उभं राहिलं. बाईंचा आवाज बंद पडला, किल्लीवाल्याचा हात तारेवर थिजला. त्या भयाण शांततेत मास्तर सवयीने, अत्यंत सौम्य आवाजात म्हणाले, “काही हरकत नाही. न्यूट्रल करा. आरसा बघा. मग निघा.”

लोक हसले. डॉक्टरही हसले, सगळ्यात मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बँडची बैठक भरली. विषय एकच : डबा. डॉक्टरांनी निवेदन केलं, की मास्तर थांबल्यामुळे गाण्याचा सत्यानाश झाला. बाईंनी अनुमोदन दिलं.  मास्तरांना कोण चुकलं ते पक्कं ठाऊक होतं, पण बावीस वर्षांत एकाही शिकाऊ माणसाला त्यांनी ते चारचौघांत सांगितलं नव्हतं.

तेव्हा किल्लीवाल्याने, बँड सुरू झाल्यापासून प्रथमच, तोंड उघडलं.

“डबा असता तर तो थांबला नसता,” तो म्हणाला. “मग चुकलं कोण, ते सगळ्या हॉलला ऐकू आलं असतं.”

डॉक्टरांनी भिंतीवरच्या दाढेकडे बराच वेळ पाहिलं. डब्याचा एक मोठा तांत्रिक दोष त्यांच्या प्रथमच लक्षात येत होता : त्याच्यावर खापर फोडता येत नाही. त्यांनी ठराव मांडला, की कलेत यंत्राला स्थान नसावे व मास्तरांना ड्रमच्या जागेवर तहहयात कायम करण्यात यावे. ठराव एकमताने मंजूर झाला. बाईंनी मास्तरांची पाठही थोपटली.

मास्तर घरी आले आणि हकीकत सांगितली.

“पण तुम्ही चुकला नव्हतात,” बायको म्हणाली. “मी आवर्तनं मोजत होते. एकोणीस पूर्ण, विसावं निम्मं. डॉक्टर आधी घुसले.”

“माहीत आहे गं.”

“मग बोलला का नाहीत?”

“स्टूल राहिलं ना माझं,” मास्तर म्हणाले आणि टाचा उचलून सरावाला बसले.

ही व्यवस्था उत्तम चालली आहे. अक्कलदाढेने त्यानंतर सहा कार्यक्रम केले. सहाही बिघडले, आणि सहाही वेळा कारण ताबडतोब सापडलं. अशी सोय प्रत्येक घरात, कचेरीत आणि मंडळात कोणी ना कोणी पुरवत असतं, आणि त्याचा समतोल फार चांगला असावा लागतो. तुमच्याकडे हे काम कोणाकडे आहे, ते जरा आठवून पाहा. नाव चटकन तोंडावर आलं, तर त्याच्या मापाचं स्टूल घेऊन द्या. कोणीच आठवत नसेल, तर मात्र पाठ ताठ करून बसा; बाकीच्यांना केव्हाच आठवलं आहे.