झिपरेअण्णांचं सुखाचं वर्तुळ

मुलांनो, ही गोष्ट अगदी खरी आहे. गळ्याला हात लावून सांगतो. त्या मोहाच्या झाडाखाली उभं राहून मी सगळं माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे मी त्या जंगलात कधी गेलेलो नाही, आणि झाडही मला ओळखू येत नाही. पण तेवढ्यावरून गोष्ट खोटी ठरत नाही. मागे कोण खुसखुसतंय? मांडी घालून बसा.

तर, एका जंगलात टेनिसचं एक मैदान होतं.

कुणी साहेब तंबू गुंडाळून गेला, तेव्हा जाळी, दोन रॅकेटी आणि एक चेंडू विसरून गेला. तेव्हापासून जंगलात मारामाऱ्या बंद झाल्या. भांडण झालं की मैदानात उतरायचं. जो आधी पाच गुण करील, त्याचं खरं. आणि निकाल लागेपर्यंत ज्याच्याकडे जे आहे, ते त्याच्याकडेच राहायचं.

त्या जंगलात झिपरेअण्णा नावाचं अस्वल होतं. अण्णांचा सगळा जीव मोहाच्या एका झाडात. वर्षभर ते चैत्राची वाट पाहायचे. चैत्रात फुलं टपाटप गळायची आणि अण्णा, केशरबाई आणि दोन पिल्लं पोटाला तडस लागेपर्यंत खायची.

यंदा पहिलं फूल पडलं आणि शेंडे वानर फांदीवरून म्हणाला, "झाड आमचं. आम्ही वर बसतो."

"फुलं खाली पडतात," अण्णा म्हणाले. "खाली आम्ही बसतो."

"मग या मैदानात!"

अण्णांनी जन्मात रॅकेट धरली नव्हती. पण फुलांचा वास नाकात होता. गेले.

शेंडे रॅकेट शेपटीत धरायचा आणि मोकळ्या हातांनी शेंगा सोलून खायचा.

"हे चालतं का?" अण्णांनी विचारलं.

पंच घोरपड होती. ती जाळीच्या खांबाला चिकटून बसली होती. म्हणाली, "शेपटी नको असं नियमात कुठे म्हटलंय?"

खेळ सुरू झाला. चेंडू इकडे, तर अण्णा तिकडे. चेंडू तिकडे, तर अण्णा जाळीत. बघता बघता शेंडेचे चार गुण झाले आणि अण्णांची जीभ छातीपर्यंत आली.

"अहो, धावता काय असे?" केशरबाई ओरडल्या. "चेंडू आहे तो, मधाचं पोळं नाही!"

तेवढ्यात तळ्यावरून बगळेगुरुजी आले. गुरुजी आयुष्यभर एका जागी एका पायावर उभे, म्हणून जंगलात त्यांना फार मान.

"अण्णा," गुरुजी म्हणाले, "काठीने स्वतःभोवती वर्तुळ काढा. आत तुमचं सुख. बाहेरचा चेंडू जगाचा. त्याच्यामागे जायचं नाही. फक्त श्वास घ्यायचा, श्वास सोडायचा. लय सापडली की चेंडू आपणहून येतो."

"येतो?"

"माझ्याकडे मासे येतात की."

अण्णांनी वर्तुळ काढलं. आत उभे राहिले. डोळे मिटले. श्वास घेतला.

आता अस्वल वाळवी कसं खातं, ठाऊक आहे? आधी फूऽऽ करून वारुळाची माती उडवतं, मग सुर्रऽऽ करून वाळवी ओढतं. सात पिढ्यांची सवय. अण्णांनी सुर्रऽऽ केलं आणि बाहेर निघालेला चेंडू हवेतच वळून नाकाशी आला. फूऽऽ केलं, चेंडू शेंडेच्या डोक्यावरून पार!

"हे चालतं का?" शेंडे किंचाळला.

"नाक नको असं नियमात कुठे म्हटलंय?" घोरपड म्हणाली.

सुर्रऽऽ, फूऽऽ. सुर्रऽऽ, फूऽऽ. चार-चार झाले.

शेवटचा गुण. शेंडेने शेंगा टाकल्या आणि शेपटी गरगर फिरवून चेंडू हाणला.

"खोऽऽल श्वास!" गुरुजी ओरडले.

अण्णांनी खोल श्वास घेतला. चेंडू आला, नाकाशी थांबला नाही, थेट तोंडात गेला आणि डाव्या गालात बसला.



"गुण माझा!" शेंडे म्हणाला.

"चेंडूचे दोन टप्पे पडले?" घोरपडीने विचारलं.

"अगं, तो त्याच्या गालात आहे!"

"गाल वर्तुळात आहे ना? टप्पा पडला नाही ना? मग खेळ चालू आहे. निकाल लागेपर्यंत झाड अस्वलांचं."

अण्णा खूश झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की तोंड उघडायचं नाही.

तीन आठवडे अण्णा वर्तुळात उभे होते. पिल्लं फुलं खाऊन गोल झाली. केशरबाई फुलं चघळत चघळत यायच्या आणि म्हणायच्या, "अहो, यंदा फुलं काय गोड आहेत म्हणून सांगू!" अण्णा नाकाने श्वास घ्यायचे, सोडायचे. पायावरून वाळवीची रांग जायची. डोळ्यांतून पाणी यायचं. लांबून लोक दर्शनाला यायचे आणि म्हणायचे, "काय ही शांती!"

शेवटचं फूल पडलं. केशरबाई द्रोण घेऊन आल्या.

"अहो, पिल्लांपासून लपवून ठेवलीत, खास तुमच्यासाठी. घ्या!"

"आण!" अण्णा म्हणाले.

टप. टप.

"सामना शेंडेंचा," घोरपड म्हणाली. "झाड त्यांचं. झाडाखाली पडलेलं सगळं त्यांचं."

फांदीवरून एक शेपटी खाली आली आणि द्रोण उचलून वर गेली.

अण्णा बसकण मारून बसले. बगळेगुरुजी मान खाली घालून म्हणाले, "अण्णा, माझं चुकलं हो. तळ्यातल्या गोष्टी मी मैदानात सांगितल्या."

तात्पर्य: आपल्या सुखाच्या वर्तुळातून कधी बाहेर पडू नये आणि श्वासाची लय सोडू नये. म्हणजे फुलं घरचे खातात, झाड वानर नेतो आणि लोक आपल्या पाया पडतात.

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकतो. यातली एक गोष्ट मी रचलेली आहे. शेपटीची रॅकेट खरी, नाकाचा फटका खरा, तीन आठवडे गालात राहिलेला चेंडूही खरा. गुरुजी "माझं चुकलं" म्हणाले, तेवढं मात्र मी पदरचं घातलं.