कुंदाताईंची डबी

कुंदाताईंकडे हळदीकुंकवाला जाताना पैठणीखाली रबरी वेलिंग्टन बूट घालावे लागतात. कारण तिथे तिळगूळ आधी मिळत नाही. आधी मागच्या बागेत जायचं, कुंदाताईंनी मातीत पुरून ठेवलेली डबी शोधून काढायची, मगच आत येऊन हळदीकुंकू लावून घ्यायचं. जानेवारीतली कॉव्हेंट्री, वर पावसाची पिरपिर, आणि आम्ही डझनभर बायका पदर खोचून गुलाबाच्या वाफ्यांत वाकलेल्या. पलीकडची मॉरीन दरवर्षी खिडकीत चहाचा कप घेऊन उभी राहते. तिला वाटतं, हा आमचा धार्मिक विधी आहे.

वाण काय मिळतं? शिट्टी. प्लास्टिकचे डबे नाहीत, वाट्या नाहीत, नारिंगी रंगाची खणखणीत शिट्टी. "डब्यानं कोणाचा जीव वाचतो का? शिट्टीनं वाचतो नं!" इति कुंदाताई.

कुंदाताई सोनटक्के मूळच्या नागपूरच्या. उभा जन्म इथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून गेला, पण बोलणं अजून तिथल्या महाल भागातलंच. त्या माझ्या शेजारीण, म्हणजे अगदी भिंतीला भिंत. त्यांच्या कुकरची शिट्टी मला ऐकू येते आणि आमची भांडणं त्यांना. आता सत्तरीला टेकल्या आहेत. उंची बेताची, आवाज मात्र नाही. आणि ही बाई दरवर्षी आल्प्समध्ये जाऊन स्कीइंग करते, तेही ऑफ-पिस्ट. सांगताना माझीच कॉलर ताठ होते, काय करू?

पिस्ट म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेला, दोन्ही बाजूंना खांब रोवलेला उतार. आपल्यासारखी माणसं तिथे घसरतात आणि पडतात. कुंदाताईंच्या मते तो कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, फुटपाथ. खरा डोंगर खांबांच्या पलीकडे, जिथे बर्फ कोणी हात न लावलेला, गुडघाभर असतो. पण तिथे तो कधी अंगावर येईल याचा नेम नाही. म्हणून प्रत्येकाने छातीशी एक ट्रान्सीव्हर बांधायचा. हीच ती डबी. एरवी ती मुकाट सिग्नल सोडत राहते. कोणी बर्फाखाली गाडलं गेलं, की बाकीच्यांनी आपली डबी शोधण्यावर टाकायची. मग ती बाण दाखवते, बीप बीप करते, आणि जवळ जाल तशी बीप वाढते.

"आधी ऐक, मग पळ," हा त्यांचा मंत्र. हा त्या डोंगरावर वापरतात, पोह्यांच्या फोडणीला वापरतात आणि संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वापरायला सांगतात.

हे वेड लागलं ते एका शब्दावरून. तरुणपणी थिएटरमधली मंडळी सुट्टीत स्कीइंगला निघाली, तेव्हा कोणीतरी अगदी प्रेमाने म्हणालं, "तुला नाही आवडणार कुंदा, फार थंडी असते." झालं! शहराबाहेर बर्फाशिवाय स्की शिकायला प्लास्टिकच्या ब्रशांचा एक उतार होता, तिथे दर रविवारी जाऊन बाईंनी ढोपरं सोलून घेतली. सोनटक्के मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. ते बिचारे फक्त कोट धरायला जायचे. पुढच्याच हिवाळ्यात तेही पायाला स्कीच्या पट्ट्या बांधून उभे होते. पुढची कितीतरी वर्षं दोघं जोडीने डोंगर उतरले. फ्रेंच गाईड लूक त्यांना 'मादाम कुंदा' म्हणतो आणि त्यांच्या हातचा ठेचा थेट पावाला लावून खातो. डोळ्यांतून पाणी काढतो, पण पुन्हा मागतो.

सोनटक्के गेले ते डोंगरावर नाही. साध्या आजारपणात, इथल्याच हॉस्पिटलात गेले. त्यानंतर कुंदाताईंनी हळदीकुंकू ठेवलं तेव्हा महाराष्ट्र मंडळातल्या दोघीतिघी कुजबुजल्याच. ताईंनी ऐकलं. म्हणाल्या, "हळद माझी, कुंकू माझं, बाग माझी. डबी शोधा." तो विषय तिथेच संपला.

पण एक विषय संपला नव्हता. नवराबायकोचा एक करार होता. ज्याच्यावर आपला जीव सोपवता येईल, असा शोधणारा सोबत असेल तरच खांबांच्या पलीकडे जायचं. लूक आहेच, पण लूकच गाडला गेला तर? त्यामुळे सोनटक्के गेल्यापासून कुंदाताई आल्प्समध्ये जात, आणि कौन्सिलच्या फुटपाथवरूनच घसरून परत येत. तिथल्या एका कड्याच्या मागे एक उतार आहे, दोघांचा लाडका. तो एकदा तरी पुन्हा उतरायचा, एवढी एकच इच्छा. "गुडघे अजून हो म्हणून राहिले," त्या म्हणायच्या. "पण किती दिवस म्हणतील?"

म्हणजे बागेतलं ते शोधणं गंमत नव्हती. बाई आख्ख्या महाराष्ट्र मंडळाची परीक्षा घेत होती! आणि आम्ही सगळ्या एकजात नापास होत होतो. शोधायची डबी हातात पडली की आमच्या बायका गप्पा मारत जत्रेला निघाल्यासारख्या सुटायच्या.

दोन वर्षांपूर्वी माझी पाळी आली. मी आधी ऐकलं. बाण वाफ्याकडे वळेना, तो घराकडे वळला. "बिघडली वाटतं," कोणीतरी म्हणालं. पण बीप वाढत होती. मी चिखलाच्या बुटांनिशी स्वयंपाकघरात शिरले. दारामागे सोनटक्क्यांचं निळं जाकीट टांगलेलं होतं आणि त्याच्या खिशात त्यांची स्वतःची डबी लुकलुकत होती.

कुंदाताई माझ्या मागेच उभ्या. त्यांनी पुढे होऊन जाकिटाचा खिसा बंद केला. मग खेकसल्या, "बॅटरी तपासून राहिली होती सकाळी. राहिली चालू. फरशी कोण पुसणार?"

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. "अनघा, तू ऐकतेस. स्की शीक."

नाही म्हणायची सोय नव्हती. दोन हिवाळे मला दर रविवारी लेस्टरच्या पलीकडच्या एका बंदिस्त बर्फाच्या उतारावर नेऊन आपटण्यात आलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे गुडघे दुरुस्त करते, आणि माझे कुठे आहेत तेच मला कळेना. पण ताईंनी सोडलं नाही, आणि मीही हट्टाला पेटले. गेल्या मार्चमध्ये आम्ही दोघी खरोखर आल्प्सला गेलो. पहिले काही दिवस फुटपाथवर काढले. मग लूकने आकाशाकडे पाहिलं, कड्यामागचा बर्फ खणून तपासला आणि म्हणाला, "उद्या."

सकाळी कुंदाताईंनी सोनटक्क्यांची डबी माझ्या छातीशी स्वतः बांधली. प्रत्येक बकल दोनदा ओढून पाहिलं. चालू करून दिली. आम्ही डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या पाळण्यात बसलो.

आता माझ्या हातून जे झालं, ते फक्त आपल्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. खोलीतून निघताना दिवा बंद, गीझर वापरला की बंद, या संस्कारात मी वाढले. पाळणा हळूहळू चढत होता. मी म्हटलं, अजून वर पोचलोच नाही, उगाच बॅटरी कशाला जाळायची? आणि जाकिटाची चेन उघडून मी डबी बंद केली.

वर खांबांपाशी तपासणी असते. एकाने डबी शोधण्यावर टाकायची, दुसऱ्याने समोरून चालत जायचं. कुंदाताई डबी धरून उभ्या राहिल्या. मी समोरून गेले. बीप नाही. पुन्हा गेले. नाही.

मला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. चेहरा पांढराफटक झाला, हातातली डबी कानाशी नेली, हलवली, पुन्हा कानाशी नेली. "लागत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांची लागत नाही."

बोटं बधिर, मी कशीबशी चेन उघडली आणि बटण दाबलं. बीप. बीप. बीप. "ताई, मीच बंद केली होती. बॅटरी वाचवायला."

लूकला काय झालं ते समजलं नाही, पण तो शहाणा, दूर जाऊन दोर आवरत बसला. कुंदाताईंनी गॉगल वर केला, डोळे पुसले. "माझंच खरं सांगते तुला. त्या हळदीकुंकवाच्या दिवशी मी बॅटरी तपासून नव्हती राहिली. संध्याकाळी घरी आली की रोज ह्यांची चालू करते, माझी शोधण्यावर टाकते. दारामागून आवाज येतो. घरात कोणी आहे असं वाटते, बाकी काही नाही." मग गॉगल खाली. "चल. पुन्हा बंद केलीस तर इथंच पुरीन."

आणि त्या निघाल्या. काय सांगू! पाळण्यातली माणसं काचेला नाकं लावून बघत होती. सत्तरीची, नागपूरची, गुडघे कुरकुरणारी बाई त्या कोऱ्या बर्फातून डावीकडे, उजवीकडे, डावीकडे अशी गेली, की माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "आमच्या शेजारीण आहेत!" कोणाला कळलं नसेल, नसू दे. मी त्यांच्या मागून चारदा पडत उतरले. खाली त्या डबी धरून उभ्याच होत्या. माझा सिग्नल तपासला. तपासायची गरज नव्हती.

घरी आल्यावर मी सोनटक्क्यांची डबी परत द्यायला गेले, तर म्हणाल्या, "तुझ्याकडंच ठेव. जोडीदाराची जोडीदाराकडंच राहते." दारामागे निळं जाकीट होतं, खिसा सपाट. मी घरी आले, पण चैन पडेना. शेवटी आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीला एक खिळा ठोकला, डबी टांगली आणि चालू केली.

संदीप म्हणाला, "बॅटरी जळतेय."

"जळू दे," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. हे वाक्य माझ्या तोंडून त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

थोड्या वेळाने फोन वाजला. "काहून गं अनघा, डबी चालू राहिली तुझी."

"हो का ताई? बंद करू?"

मी भिंतीला कान लावला तर पलीकडून त्यांच्या डबीची बारीक बीप ऐकू येत होती.

"राहू दे," कुंदाताई म्हणाल्या.