फरशीची खालची बाजू

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाच्याही घरी हातोड्याचा पहिला ठोका पडला, की दुसऱ्या मिनिटाला दारात परुळेकर उभे असतात. हातात बादली, दात घासायचा जुना ब्रश आणि विजेरी. गवंड्याला वाटतं, मालक आले. मालकाला वाटतं, गवंड्याचा माणूस आहे. दोघांचा गोंधळ मिटेपर्यंत परुळेकर उकरलेल्या फरश्या उलट्या करून धुवायला बसलेले असतात.

परुळेकर एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, आता निवृत्त. मुलुंडमधल्या आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये, बरोबर माझ्या डोक्यावर, मोठ्या बहिणीबरोबर, म्हणजे आक्कांबरोबर, राहतात. त्यांचं म्हणणं असं, की आपण ज्या शहाबादीवर बसून भाजी निवडतो आणि ज्या कडप्प्याच्या ओट्यावर पोळ्या लाटतो, ते साठ कोटी वर्षांहूनही जुन्या समुद्रांचे तळ आहेत. गाळाचे थरावर थर बसून झालेले दगड. त्यात कुठेतरी त्या समुद्राच्या लाटांच्या वळ्या तशाच्या तशा राहिल्या असणार. पण गवंडी मेला गुळगुळीत बाजू वर ठेवतो आणि खडबडीत बाजू सिमेंटमध्ये गाडतो. म्हणजे पृथ्वीचं सगळं लहानपण आपल्या पायाखाली, तेही पालथं. लाटांची एक तरी फरशी स्वतःच्या हाताने उलटून बघायची, एवढी एकच परुळेकरांची इच्छा.

आता फरश्या आपोआप उलटत नाहीत. म्हणून परुळेकर लोकांना उलटायला लावतात. माझ्याकडे चहाला आले, की ओट्यावर बोटं वाजवून म्हणायचे, "वहिनी, ओटा जरा दमलाय ना?" तिसऱ्या चहाला मलाही तो दमलेला दिसायला लागला. चांगला धडधाकट ओटा मी फोडून घेतला. खाली निघालं काय, तर झुरळांची वसाहत. परुळेकर जराही खट्टू झाले नाहीत. झुरळांकडे बघून म्हणाले, "ही पण तशी नवीनच मंडळी."

त्यांच्या लेखी सगळंच नवीन. मुंबईचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणून तो "कालचं पोर". डायनासोर म्हणजे "अंगाने वाढलेले नुसते". डिसेंबरात कोणी शाल पांघरलेली दिसली, की पृथ्वी पार विषुववृत्तापर्यंत गोठली होती त्या थंडीचं वर्णन करून त्या माणसाला घाम फोडणार. खरा जीव मात्र त्या बर्फानंतरच्या काळावर. हाडं नाहीत, दात नाहीत, समुद्राच्या तळाशी गोधडीसारखे मऊ जीव पसरलेले, आणि बहुतेकांना तोंडच नाही. कोणी कोणाला खात नव्हतं. "सगळ्यांत शांत काळ तो. तोंड फुटलं आणि वाट लागली." हे वाक्य ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून म्हणतात आणि पुढे पाऊण तास बोलतात.

एकदा चौथ्या मजल्यावर कुलकर्ण्यांकडे त्यांना खरंच एक ठसा मिळाला. गोल, मध्ये खोलगट, कडेने नीट दाते. जिन्यात दर्शनाला रांग लागली. त्यांनी त्या जीवाला कुलकर्ण्यांचं नावसुद्धा देऊन टाकलं, आणि कुलकर्ण्यांनी पेढे मागवले. मग कुलकर्ण्यांच्या आईने चष्मा लावून पाहिलं. तो ठसा दगडात नव्हताच, दगडाला चिकटलेल्या सिमेंटमध्ये होता, आणि सोड्याच्या बाटलीच्या बुचाचा होता. परुळेकर दोन दिवस जिन्यात दिसले नाहीत. पेढे मात्र आम्ही संपवले.

तर अशा माणसाच्या मोरीला गळती लागली आणि माझ्या नव्याकोऱ्या ओट्यावर वरून थेंब पडायला लागले. प्लंबर म्हणाला, मोरीचा पाइप वरच्या स्वयंपाकघराच्या दाराखालून जातो, तिथल्या चार फरश्या उखडाव्या लागतील. मी आनंदाने जिना चढले. म्हटलं, आता हा माणूस मला मिठीच मारणार.

परुळेकर नाही म्हणाले. आमच्या फरश्यांना काही झालेलं नाही म्हणाले. मी तीनदा गेले, तीनदा तेच. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भावोजी, अख्ख्या बिल्डिंगला खणून ठेवलंत आणि तुमचीच जमीन तेवढी सोवळ्यातली?"

तेवढ्यात आक्का चहा करायला आत निघाल्या. आक्कांची दृष्टी जाऊन बारा वर्षं झाली. मला हे ठाऊक होतं, पण त्या घरात इतक्या सराईतपणे वावरतात, की मी चक्क विसरून जायचे. त्या दिवशी परुळेकरांनी मला डोळ्यांनी आक्कांच्या पायांकडे बघायला खुणावलं. अनवाणी पाय. दारातल्या फरशीचा एक कोपरा किंचित खचलेला होता. आक्कांचा अंगठा त्या खचलेल्या कोपऱ्यावर टेकला आणि त्या उजवीकडे गॅसपाशी वळल्या.

"घर तिला पायांनी पाठ आहे, वहिनी," परुळेकर हळूच म्हणाले. "नवीन सपाट फरशी घातली, तर ती कुठे वळणार?"

मी गुपचूप खाली आले आणि ओट्यावर पातेलं ठेवलं. चार दिवसांनी पाणी माझ्या स्विचबोर्डावर उतरलं. परुळेकर स्वतः येऊन बघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच गवंडी आणला. चारही फरश्यांवर खडूने आकडे आणि बाण. कोपरा किती खचलेला आहे, ते पट्टीने मोजून वहीत लिहिलेलं. पुन्हा तेवढाच खचवायचा, असं बजावल्यावर गवंडी माझ्याकडे बघायला लागला.

दारातली फरशी उलटली. परुळेकरांनी सवयीने पाणी ओतलं, ब्रश फिरवला, आणि त्यांचा हात थांबला. दगडभर वळ्या होत्या. एकामागे एक, बोटाच्या जाडीच्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. या वेळी त्या सिमेंटमध्ये नव्हत्या, दगडातच होत्या.

त्यांनी आक्कांना हाताला धरून खाली बसवलं आणि त्यांचा तळवा दगडावर ठेवला. आक्कांनी हात पुढे नेला, मागे आणला.

"भाऊ, ही तर सुकतीची रेव रे," त्या म्हणाल्या. "आपण कुर्ल्यो धरूक जायचो, थंयची."

ओहोटीची वाळू, लहानपणी ही दोघं खेकडे धरायला जायची तिथली. बारा वर्षांत त्यांना हे पहिल्यांदाच काहीतरी स्पष्ट दिसत असावं, असा चेहरा झाला होता.

मी म्हटलं, ही कॉलेजात द्या, लोक बघायला येतील, इथे दुसरी बसवू. गवंडी म्हणाला, नाहीतर लाटा वर ठेवून लावतो, शो येईल. परुळेकरांनी फरशी स्वतः पुसून कोरडी केली.

"होती तशीच लाव," ते म्हणाले. "वळ्यांना ती अडखळेल."

सिमेंट सुकेपर्यंत आक्कांचा पाय पडू नये म्हणून दोन दिवस ते दारात स्टूल टाकून बसले. तिसऱ्या दिवशी मला वर बोलावलं. आक्का आतून आल्या, अंगठा कोपऱ्यावर टेकला, उजवीकडे वळल्या आणि गॅस पेटवला. मग परुळेकरांनी स्टूल उचलून खाटेखाली सरकवलं.